दुधासारखं सीरम

मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी गेली एकोणीस वर्षं रक्त काढतोय. दवाखान्यांचं गाव, त्यामुळे सकाळी सातला शटर वर करायच्या आधीच पायरीवर चार-सहा माणसं उपाशीपोटी वैतागून बसलेली असतात. दंडाला पट्टा बांधायचा, 'मूठ आवळा' म्हणायचं, शीर शोधायची. माझी शीर मात्र इतक्या वर्षांत कुणी शोधली नव्हती.

गेल्या श्रावणात एक शिकाऊ मुलगी आली. तिचा हात बसावा म्हणून मीच दंड पुढे केला. नाष्टा झाला नव्हता, म्हटलं आता काढलंयच तर तपासायला लावून टाकू. नळी सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, बाहेर काढली. खाली लाल गठ्ठा बसतो आणि वर सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, राहतं. चांगल्या तब्येतीच्या माणसाचं ते डाळीच्या वरच्या पाण्यासारखं निवळ, पिवळसर असतं. कावीळ असली की हळदीचं पाणी. माझं पांढुरकं होतं, गवळ्याने जरा जास्तच पाणी घातलेल्या दुधासारखं. पोरगी घाबरली. "सर, माझं काही चुकलं का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ४१२; एसजीपीटी, म्हणजे यकृताची तपासणी, ८१. दोन्ही जास्तच. पुढे सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, ग्रेड वन, पहिली पायरी. मी दारूला शिवत नाही, हे मी डॉक्टरांना दोनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "चहा किती होतो?"

नऊ कप. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिने काही न बोलता एक वाटी घेतली आणि कपाला दोन या हिशोबाने अठरा चमचे साखर त्यात टाकली. वाटी शिगोशीग भरायला आली. "अहो, एवढी तर मी शिऱ्यालाही घालत नाही." चमच्याला पाचेक ग्रॅम धरले तरी रोजचे नव्वद ग्रॅम. गरजेपेक्षा जास्त साखर आली की यकृत तिची चरबी करतं, थोडी स्वतःत ठेवतं आणि उरलेली रक्तात सोडतं. नळीत दिसलं ते हेच.

मग सल्ले सुरू झाले. साडूंनी एकवीस दिवसांचं 'लिव्हर डिटॉक्स' चूर्ण आणून दिलं. डब्यावर हिरवं पान, मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय काय, आणि किंमत आमच्या महिन्याच्या किराण्याच्या निम्मी. हे रागाने लिहीत नाही, कारण अंगातली घाण एकदाची काढून टाकावी ही ओढ आपल्याकडे जुनीच आहे. लहानपणी सुट्टी लागली की आजी सुंठीच्या काढ्यातून एरंडेल पाजायची. नाक दाबून गिळायचं आणि दिवसभर परसाकडे फेऱ्या मारायच्या. संध्याकाळी आजी समाधानाने म्हणायची, "झालं पोट साफ." साफ व्हायचं ते पोट. यकृताला त्या एरंडेलाचं सुखदुःख नव्हतं.

साफसफाई म्हणाल तर ती आत्ता, हे वाचत असतानाही चालू आहे. प्रथिनं वापरली गेली की अमोनिया तयार होतो. तो विषारीच. यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंड तो लघवीतून बाहेर काढतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर वगळता सगळं परत रक्तात घेतात. मी रोज जे क्रिएटिनिन तपासतो ते या गाळणीचाच हिशोब. ज्याचं क्रिएटिनिन खरंच वाढलेलं असतं त्याला चूर्ण नाही, डॉक्टर लागतो.

सांगलीच्या एका प्रदर्शनात पायातून विष काढायचं यंत्र पाहिलं होतं. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसायचं आणि वीसेक मिनिटांत पाणी तपकिरी. बसलेल्या मावशी स्वतःच्याच अंगातली घाण बघून हरखल्या होत्या. मी त्या पोराला म्हटलं, पाय न घालता चालव की. तो म्हणाला, मशीन खराब होतं. खारट पाण्यातून वीज गेली की लोखंडी पट्टी गंजते, त्या गंजाचा तो रंग. लघवीचंही तसंच. बी-कॉम्प्लेक्स सुरू केल्यावर ती भडक पिवळी होते आणि लोक काउंटरवर येऊन सांगतात, 'सगळं बाहेर पडतंय'. पडतं ते गोळीतलं जास्तीचं बी-टू जीवनसत्त्व.

चूर्ण नुसतंच वाया गेलं तर पैशांवर निभावतं. रसांची मात्र मला भीती वाटते. कडू निघालेल्या दुधीचा रस घेतल्याने उलट्या, जुलाब, रक्ताची उलटीही होते. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा त्यात जीव गेला. रस कडू लागला तर घोट थुंकून टाकायचा, पुढे प्यायचा नाही. माझी आई दुधी चिरताना आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघते, काकडीचंही तसंच. मिक्सर आला आणि ही चव घेणं सुटलं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. वाद त्यांचा त्यांना लखलाभ, पण काढा पिणाऱ्याने तो काढा डॉक्टरांपासून लपवू नये. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणून रोज घेतल्या जाणाऱ्या पेनकिलरही सांगाव्यात. मूत्रपिंडावर त्यांचा भार पडतो आणि आमच्याकडे येणारे निम्मे आजोबा त्यांना औषधात धरतच नाहीत.

माझं काय झालं? डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, सातएक टक्के उतरलं तरी फरक दिसेल. तेव्हा ८४ किलो होतं. चहा दोन कपांवर आणला, अर्धा चमचा साखर. पहिला आठवडा डोकं असं ठणकायचं की पेशंटवर खेकसायचो. रात्रीचं जेवण साडेदहावरून आठवर आलं. दोन भाकऱ्या, पालेभाजी किंवा उसळ, ताक. बिस्किटाचा पुडा लॅबच्या ड्रॉवरमधून गेला, तिथे आता फुटाणे असतात. फरसाणाचं मात्र अजून जमलेलं नाही, दर रविवारी हात जातोच. सकाळी लॅब असल्याने चालणं संध्याकाळी, कृष्णाघाटाच्या रस्त्याने पाऊण तास. पावसाळ्यात ते बुडालं, तेव्हा घरातल्या घरात जिने चढलो. रात्री अकराला मोबाईल बायकोच्या उशाखाली. पाणी तहान लागेल तसं, मोजून नाही.

यातलं एकही काम डब्यावर छापून विकता येणार नाही.

सहा महिन्यांनी वजन ७७ होतं. त्याच मुलीला म्हटलं, काढ. तिचा हात आता इतका बसलाय की सुई कळलीही नाही. सेंट्रिफ्यूज थांबेपर्यंत दोघंही उगाच तिथेच घुटमळत राहिलो. एसजीपीटी ३८ आणि ट्रायग्लिसराइड १७० हे आकडे नंतर आले. आधी तिने नळी ट्यूबलाइटसमोर धरली आणि पलीकडे बोट हलवून दाखवलं. बोट दिसत होतं.

साडूंचा डबा अजून फ्रिजवर आहे, बायको त्यात दोरे ठेवते.