ळ बाळातला

बालवाडीतला तक्ता बनवणाऱ्याची खरी पंचाईत होते ती ळ पाशी. ळ ने सुरू होणारा शब्दच मराठीत नाही. मग 'ळ बाळातला' अशी सोय लावायची. खरं तर कमळातही तो आहे, पण कमळ क ने आधीच पळवलेलं असतं. ह झाला, क्ष-ज्ञ अजून यायचेत, त्यांच्या मध्ये हा मागच्या बाकावरच्या मुलासारखा बसलेला.

मला त्याचं अप्रूप वाटायला लागलं ते फूल आणि फळ या जोडीमुळे. एकाच झाडाला येतात, मग एकाला ल आणि दुसऱ्याला ळ का? याचं उत्तर प्राकृतात सापडतं. जुन्या शब्दात दोन स्वरांमध्ये एकटा ल असेल, तर मराठीत येईपर्यंत त्याचा ळ झाला. 'ल्ल' असा जोडीने असेल, तर दोघांचा मिळून एक ल उरला. फल चं फळ झालं, फुल्ल चं फूल. गल चा गळा, गल्ल चा गाल. वेला ची वेळ, वल्लीची वेल. समय या अर्थाचा काल बदलून काळ झाला; आदल्या दिवसाचा काल मात्र कल्य, मग कल्ल अशा वाटेने आला म्हणून वाचला. आपण चालतो-बोलतो ल ने, पळतो आणि गळतो मात्र ळ ने, तेही याच हिशेबाने. शब्दाच्या सुरुवातीचा ल तेवढा जागचा हलला नाही, आणि ळ ला पहिली जागा कधी मिळालीच नाही.

दुसरी वाट ड कडून येते. गुड चा गूळ झाला, षोडश चे सोळा. ही खोड फार जुनी आहे. संस्कृतात ळ नाहीच असं ठणकावून सांगणारे भेटतात. त्यांना ऋग्वेदाची पहिलीच ऋचा ऐकवावी, 'अग्निमीळे पुरोहितम्'. पुढच्या संस्कृतात या ईळे चं ईडे झालं, ते वेगळं.

अरबी-फारसीतून उशिरा आलेले वकील, दलाल, सवाल, महाल आपला ल सांभाळून राहिले. संस्कृतातून थेट उचललेल्या शब्दांचंही तसंच. त्यामुळे एकाच शब्दाची दोन रूपं एकाच घरात नांदतात. देव्हाऱ्यात कुलदैवत, पण पाळायचा तो कुळाचार. लग्न लागतं मंगल कार्यालयात, गळ्यात पडतं ते मंगळसूत्र, आणि पुढची पाच वर्षं पुजायची ती मंगळागौर. कोणी 'मंगलसूत्र' म्हणालं की मला शेजारच्या घरात हिंदी मालिका लागल्याचा भास होतो.

पण ळ म्हणजेच मराठीपण, असं म्हणायची घाई नको. वऱ्हाडात, खानदेशात डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया. आगरी-कोळी बोलीत सकाळची सकाल होते, आणि कोळीवाड्यात तर कोळी स्वतःच कोली असतो. यांचं मराठी कोणी उणं ठरवावं? शिवाय गुजराती, ओडिया, कानडी, तमिळ, मल्याळम या सगळ्यांकडे ळ आहे. प्रमाण हिंदीकडे नाही, म्हणून परळचं परेल आणि लोणावळ्याचं लोनावला ऐकावं लागतं.

फोनवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांनी तर ळ ला पार वाऱ्यावर सोडलंय. के-ए-एल एवढं टाइप करायचं. ते काल, काळ, कळ की कल, हे वाचणाऱ्याने ताडायचं. पोटात नेमकं काय आलंय, हे समजायला परत फोन करावा लागतो. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर ल ची कळ शिफ्टसकट दाबली की ळ उमटतो, इतकं ते सोपं आहे. आणि त्या पाटीला आपण म्हणतो कळफलक. एक ळ घरचा, एक ल संस्कृतातला, शेजारी शेजारी.

अशीच अदलाबदल आपल्या राजकारणातही होऊन गेली आहे. जहाल हा अरबीतून आलेला, म्हणून ल चा. मवाळ हा मऊ पासून निघालेला, घरचा, म्हणून ळ चा. आणि त्यांची वाटणी कशी झाली? टिळक जहाल, गोखले मवाळ.