गायींना ती पूड का घालत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीला मुंबईहून आलेले पुतणे विचारतात, गाव बघायला आलेली कॉलेजची मुलं विचारतात: "काकी, गायींचा मिथेन कमी करणारी पूड निघालीय, तुम्ही का घालत नाही? हवामानाचं काही वाटत नाही का?" वाटतं. लावणीच्या वेळी पाऊस दडी मारतो तेव्हा चिखल माझ्याच पायाखाली सुकतो.

3-एनओपी नावाच्या अशा पुडीनं दुभत्या गायींचा मिथेन साधारण 30 टक्क्यांनी उतरतो, युरोपनं 2022 मध्ये त्याला परवानगी दिली. अ‍ॅस्परॅगॉप्सिस या लाल समुद्री शेवाळानं काही चाचण्यांत 80 टक्क्यांपर्यंत घट झाली. पण त्या गायी गव्हाणीत खातात, घासाघासात औषध जातं, कारण त्याचा असर काही तासांत ओसरतो. माझ्या कोकण कपिला जातीच्या गायी दिवसभर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर चरतात. आंबोण मिळतं ते धारेच्या वेळी. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेचं 'हरित धारा' 17 ते 20 टक्के घट करतं म्हणतात, पण तेही आंबोणातूनच द्यायचं.

एवढंच सांगून थांबले तर ते खरं होणार नाही. माझी तांबू होती. मे महिना, सड्यावर गवताची काडी नाही. कुठल्याशा कार्यातला उरलेला भात रस्त्याकडेला ओतलेला, तो ती पोटभर खाऊन आली. संध्याकाळी रवंथ बंद. डावी कूस फुगून पाठीच्या वर आली, थापटली की ढोलासारखी वाजायची. पोटातले जंतू चारा आंबवतात, त्यातून निघालेल्या हायड्रोजनचा दुसरे जंतू मिथेन करतात, आणि तो ढेकरेतून बाहेर पडतो. तांबूची ढेकरच अडली होती. आम्ही तेल पाजलं, पुढचे पाय उंचावर ठेवून उभी केली. डॉक्टरांनी कुशीत नळी खुपसली तेव्हा वायू सुटला आणि तिनं माझ्याकडे मान वळवली. मला वाटलं, वाचली. पण भातानं पोटात झालेलं आम्ल अंगात भिनलं होतं. पहाटे गेली. पाडी दावणीला हंबरत होती.

तेव्हापासून कुणी पोटातले जंतू दाबायचं बोललं की माझा हात मागे येतो. भाताचा आणि पुडीचा संबंध नाही, हे मला कळतं. पुडीनं गाय फुगत नाही, ढेकरेत थोडा हायड्रोजन वाढतो एवढंच. पूर्वी मेळाव्यात उठून "आम्हालाही नमुना द्या" म्हणणारी मीच होते. ती आज समोर आली तर म्हणेल, भीतीला कारणाचं नाव देऊ नकोस. मी तिला सांगेन, नुसत्या पेंढ्यावर तगलेली गाय दुधाच्या लिटरमागे जास्त मिथेन सोडते, आधी उन्हाळ्यात ओला चारा आणि चाटण वीट मिळू दे. ती विचारेल, चारा आणि पूड दोन्ही द्यायला कोण अडवतंय? पैसे अडवतात, दोन-अडीच लिटर दुधात किती बसवायचं? पण पैसेच अडवतात असं मला छातीठोक म्हणता येत नाही.

संध्याकाळच्या आंबोणातून दुसऱ्या दिवसाच्या चरण्यापर्यंत पुरेल असं काही निघालं, तर एका भाकड गायीला घालून बघेन. गाभण गायीला नाही.