सॉकेट तेच, तरी प्रोसेसर चालेना

साताऱ्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतींचे अहवाल, पतसंस्थांच्या वार्षिक सभेची पुस्तकं आणि दरवर्षी दोन दिवाळी अंकांची पानं, हे सगळं काम एकाच डेस्कटॉपवर चालतं. २०१७ साली तो मी जुळवून घेतला होता. आय५-७४०० प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा (बोर्डावर काय चालेल ते ठरवणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड, आठ जीबीच्या डीडीआर४ रॅमच्या दोन पट्ट्या. मध्ये एकदा हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, तेवढंच. मशीन कधी बंद पडलं नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज १० चा तो निरोप रोज दिसायला लागला: १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षा अपडेट बंद. विंडोज ११ टाकायला गेलो तर प्रोसेसर यादीत नाही असं उत्तर आलं. इंटेलच्या बाजूने ती यादी एखाद-दुसरा अपवाद सोडला तर आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि माझा प्रोसेसर सातव्या पिढीचा. एका वर्षाची मुदतवाढ मिळत होती, पण ग्राहकांच्या पतसंस्थांचे हिशेब ज्या मशीनवर पडून असतात त्याला वर्षभराच्या टेकूवर ठेवणं मला पटेना. शिवाय मोठी कलर फाइल पीडीएफ करताना प्रोसेसरच्या चार कोअरचा (आतल्या काम करणाऱ्या भागांचा) जीव मेटाकुटीला येत होताच.

मी विचार केला, फक्त प्रोसेसर बदलावा. माझ्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एलजीए ११५१. आठव्या पिढीचा आय५-८५०० पण एलजीए ११५१. चाराचे सहा कोअर होतील, विंडोज ११ बसेल, बाकी सगळं जागच्या जागी.

गौरी-गणपतीला बहिणीकडे गिरगावात गेलो होतो. तिथून लॅमिंग्टन रोड हाकेच्या अंतरावर. भाच्याला सोबत घेऊन गेलो. एका दुकानात वापरलेला आय५-८५०० साडेचार हजारांना मिळाला. मी बोर्डाचा फोटो दाखवला, तर दुकानदाराने प्रोसेसर हातात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, दोन्ही इलेव्हन फिफ्टीवन. बसणार." भाचा हळूच म्हणाला होता, "मामा, एकदा बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर यादी बघूया का?" मी म्हटलं, सॉकेटचा नंबर तोच आहे ना, मग कशाला.

साताऱ्याला परत आल्यावर रात्री दुकान बंद करून बसलो. जुना प्रोसेसर काढला, नवा ठेवला. तो बसला! कडेच्या दोन्ही खाचा बरोबर जुळल्या, लिव्हर नेहमीसारखी कुरकुरत खाली गेली. पेस्ट लावली, पंखा बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, दोन-तीन सेकंदांत थांबला, परत फिरला, परत थांबला. मॉनिटरवर काहीच नाही. रॅमची एक पट्टी काढून पाहिली, बायोसचा (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामचा) सेल काढून पाहिला. तेच. रात्री साडेबाराला जुना प्रोसेसर परत लावला आणि विंडोज उघडलं तेव्हा जिवात जीव आला, कारण त्यात एका दिवाळी अंकाची साठ पानं लावलेली होती आणि त्यांची प्रत दोन दिवसांपूर्वीची होती.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बोर्डाचं खोकं काढलं. आठ वर्षांची धूळ पुसली तर कडेवर छापलेलं होतं: सहाव्या आणि सातव्या पिढीसाठी, एलजीए ११५१. आठवी पिढी नाहीच. मग चार-पाच रात्री बसून हा सगळा मामला मी समजून घेतला.

एलजीए प्रकारात पिना प्रोसेसरला नसतात, मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. नावातला आकडा म्हणजे स्पर्शबिंदूंची संख्या. २०११ साली ११५५, २०१३ ला ११५०, २०१५ ला ११५१ असं इंटेल बदलत आलं. ११५१ वर सहावी आणि सातवी पिढी सुखाने चालली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तिलाही स्पर्शबिंदू ११५१ च, पण आतली वाटणी बदलली होती. कोअर वाढले म्हणून वीज जास्त लागणार, त्यासाठी पूर्वी मोकळ्या राखलेल्या काही जागा वीज आणि अर्थिंगला दिल्या. मुख्य विजेच्या पिना १२८ वरून १४६ झाल्या. सोबत ३०० मालिकेचे चिपसेट आले आणि जुन्या १०० व २०० मालिकेच्या बोर्डांना नव्या प्रोसेसरची ओळखच दिली नाही. माझा बी२५० हा त्या २०० मालिकेतला. काही हौशी लोकांनी प्रोसेसरच्या ठरावीक बिंदूंवर टेप चिकटवून आणि बायोस फेरफार करून जुन्या बोर्डांवर आठवी पिढी चालवलीही आहे. म्हणजे हार्डवेअर अगदीच अशक्य नव्हतं. मला याचा खरंच राग आला. नवी वाटणी करायचीच होती तर आकार किंवा निदान नाव तरी वेगळं ठेवायला हवं होतं. खाच एक मिलिमीटर सरकवली असती तरी माझ्यासारख्यांचा प्रोसेसर बसलाच नसता, आणि प्रश्न तिथेच मिटला असता.

आमच्याच लाइनमधल्या कऱ्हाडच्या एका मित्राकडे इंटेलच्या स्पर्धक एएमडीचं मशीन आहे. त्याचा अनुभव वेगळा. त्याने २०१८ ला घेतलेल्या बी४५० बोर्डावर, एएम४ सॉकेटवर, चार वर्षांनी 'रायझन ५ ५६००' हा प्रोसेसर बसवला. आधी बायोस अपडेट केलं, मग प्रोसेसर बदलला, अर्ध्या तासात काम. पण त्यालाही यादी बघावी लागलीच. काही जुन्या एएम४ बोर्डांवर बायोसच्या चिपमध्ये जागा १६ एमबीच. नव्या प्रोसेसरची माहिती कोंबताना काही बोर्डांच्या बायोसमधून सगळ्यात जुन्या प्रोसेसरांची माहिती काढून टाकलेली. म्हणजे सॉकेट एक असूनही बायोसचा कोणता आवृत्ती-क्रमांक हे विचारावंच लागतं. शिवाय ५६०० ला आतलं ग्राफिक्स नाही. त्याच्याकडे वेगळं कार्ड होतं म्हणून निभावलं.

माझ्यापुढे दोन वाटा. ८५०० साठी ३०० मालिकेचा वापरलेला बोर्ड शोधायचा, नाहीतर सगळंच पुढच्या सॉकेटवर न्यायचं. आधी पहिली वाट धरली. पुण्यात एकाकडे एच३१० बोर्ड होता. एसटीने गेलो. बोर्ड दिसायला स्वच्छ, पण सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण नव्हतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहिलं. सरळ प्रकाशात काही कळत नाही, तिरक्या प्रकाशात सगळ्या पिना शेतातल्या सरींसारख्या एका ओळीत चमकतात. डाव्या कोपऱ्याजवळ त्या ओळीत एक काळा ठिपका होता. दोन पिना एकमेकींवर कललेल्या. विकणारा म्हणाला, "चालू आहे हो, लावून दाखवतो." मी नको म्हटलं. रॅमची एक बाजू दिसेनाशी होणं अशा एका पिनेवर अवलंबून असतं, आणि ते कधीतरी दिवाळी अंकाच्या शेवटच्या रात्रीच कळणार.

मग नवंच घ्यायचं ठरलं. आई म्हणाली, "पितृपक्षात नवं यंत्र आणू नकोस रे. घट बसू देत." थांबलो. ते पंधरा दिवस उपयोगी पडले, कारण या वेळी एकेक गोष्ट ताडून पाहिली.

आय५-१२४०० ठरवला. सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). नावापुढे एफ नसलेला, कारण एफवाल्याला आतलं ग्राफिक्स नसतं आणि माझ्याकडे वेगळं कार्ड नाही. सॉकेट एलजीए १७००, चिपसेट एच६१०. या बोर्डांचे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन प्रकार मिळतात आणि नावं जवळजवळ सारखीच असतात. माझी रॅम डीडीआर४, ती दुसऱ्या प्रकाराच्या खाचेत जातच नाही. मॉडेलच्या शेवटी डी४ आहे ना, हे दुकानदाराकडून फोटो मागवून पाहिलं. बोर्डाच्या कंपनीच्या यादीत १२४०० कोणत्या बायोसपासून चालतो तेही पाहिलं. पहिल्याच बायोसपासून चालत होता. तेराव्या-चौदाव्या पिढीचा घेतला असता तर जुन्या साठ्यातल्या बोर्डावर आधी अपडेट करावं लागलं असतं.

जुना पंखा वापरता येणार नव्हता. ११५१ ला पंख्याची भोकं ७५ मिलिमीटरवर, १७०० ला ७८ वर. तीन मिलिमीटरच, पण बसत नाही. सुदैवाने डबाबंद १२४०० सोबत पंखा येतो. एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) प्रोसेसरची चार पिनांचीच वायर होती, बोर्डाला आठ पिनांची जागा, म्हणून एसएमपीएसही नवा घेतला. तो खर्च मी आधी धरलाच नव्हता.

घटस्थापनेनंतर सामान आलं. जोडणी दीड तासात झाली. लिव्हर खाली केली की सॉकेटचं काळं झाकण टक् करून निघतं. ते खोक्यातच ठेवलं, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते मागतात.

बटण दाबलं, बायोस आलं, रॅम सोळा जीबी दिसली, प्रोसेसर दिसला. पण विंडोज सुरू होईना. एसएसडी यादीत होती, बूटच्या (विंडोज जिथून सुरू होतं त्या) यादीत नव्हती. मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. मग लक्षात आलं: २०१७ ला विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलं होतं, डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर प्रकारची होती. या नव्या बोर्डांवर आतल्या ग्राफिक्सने काम करताना लेगसी बूट मिळतच नाही, यूईएफआय ही नवी पद्धतच लागते. जुन्या बोर्डावर असतानाच डिस्कची मांडणी एमबीआरवरून नव्या जीपीटीवर बदलून घ्यायला हवी होती. पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतलेली होती, म्हणून धीर केला. विंडोज ११ चा पेनड्राइव्ह लावला, शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडली, तिथे विंडोजचंच एमबीआर-टू-जीपीटी साधन चालवलं. मिनिटभरात डिस्कची मांडणी बदलली, एकही फाइल न पुसता. पुन्हा सुरू केलं तर माझाच जुना डेस्कटॉप समोर, पानं लावलेल्या फोल्डरसकट.

बोर्ड बदलल्यामुळे विंडोजने परवाना मागितला. माझा परवाना सुटा विकत घेतलेला आणि खात्याशी जोडलेला होता, त्यामुळे 'हार्डवेअर बदललं आहे' असं सांगून तो परत लागू झाला. मशीनसोबत आलेला परवाना असता तर तो जुन्या बोर्डासोबतच गेला असता. फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) आहे, त्याने काही कुरकुर केली नाही. बायोसमध्ये पीटीटी (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू करून विंडोज ११ टाकलं. दिवाळी अंकाची १४४ पानांची पीडीएफ, जी होईपर्यंत पूर्वी मी चहा प्यायला जायचो, ती आता खुर्चीत बसूनच होते.

तो ८५०० मात्र कपाटात पडून होता. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या झेरॉक्सवाल्या भाऊंचं मशीन रडत होतं म्हणून उघडलं. आत एच३१० बोर्ड आणि सेलेरॉन जी४९००. पेचकस बाजूला ठेवला, आधी बोर्डावरचं मॉडेल वाचलं, मोबाइलवर कंपनीची यादी उघडली आणि बोट खाली खाली नेत गेलो. आय५-८५०० होता. समोर बायोसचा क्रमांक होता. भाऊंना म्हटलं, "मशीन सुरू करा, तुमचं बायोस कितवं आहे ते बघतो." यादीतल्या क्रमांकाच्या पुढचंच निघालं. मग पेचकस उचलला.