शॉर्टवेव्ह रेडिओ आणि चार्जिंगचे सेल : माझा अनुभव

मुद्द्याचं आधी सांगते. शॉर्टवेव्ह, म्हणजे दूरदेशीची स्टेशनं ज्यावर लागतात तो रेडिओचा पट्टा, ऐकत असाल तर रेडिओत ते दीड व्होल्टचे, अंगावर यूएसबीचं भोक असलेले लिथियमचे पेन्सिल (एए) सेल घालू नका. दुकानदार म्हणेल नवीन आलेत, लोक हेच नेतात. वेष्टनावर मोठाले आकडे असतील. तरी नको. इंदूरच्या महाराणी रोडवर इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक्सची ओळीने दुकानं आहेत, पण हे मला तिथे एकाही माणसाने सांगितलं नाही. उलट माझ्या रेडिओलाच नावं ठेवली. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे टेकसन कंपनीचा पीएल-६६० रेडिओ आहे. त्याला चार पेन्सिल सेल लागतात. संध्याकाळी सासरे ऐकतात, रात्री मी. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली तेव्हापासून लोक विचारतात, आता त्यात उरलंय काय. पुष्कळ उरलंय. ३१ मीटरच्या पट्ट्यावर चीनचं रेडिओ स्टेशन असतं, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास हॅम मंडळी, म्हणजे हौसेने स्वतःचा रेडिओ संच चालवणारे, एसएसबी या त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीवर एकमेकांची विचारपूस करत असतात, आणि मधेच कुठलं तरी अगदी क्षीण स्टेशन लागतं, त्याची भाषा ओळखण्यात रात्र कशी जाते कळत नाही. हे क्षीण स्टेशनच मला हवं असतं. सेलांचा सगळा प्रश्न त्याच्याचसाठी आहे.

अॅडॅप्टर का नाही, असं कोणी विचारेल. हल्लीचे हलके अॅडॅप्टर स्विचिंगचे असतात. आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि त्याची खरखर सरळ शॉर्टवेव्हवर येते. जुने लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाले जड अॅडॅप्टर त्या मानाने शांत, पण ते आता मिळत नाहीत, आणि मिळाले तर कधी कधी गुणगुणतात. पॉवर बँकेतही व्होल्ट वाढवणारं सर्किट असतं, म्हणून तीही नको. थोडक्यात, शॉर्टवेव्हला सेलच बरे. रोज ऐकणाऱ्याला साधे सेल परवडत नाहीत, शिवाय विसरून राहिले तर गळून रेडिओचे पत्रे खातात. म्हणून चार्जिंगचे.

आता मुख्य गोष्ट. मी दुकानात स्पष्ट सांगितलं होतं, 'शॉर्टवेव्ह रेडिओसाठी चार्जिंगचे पेन्सिल सेल हवेत.' निकेल मेटल हायड्राइड हे नावही घेतलं. काउंटरवरच्या मुलाने ते पुराने हो गए म्हणत लिथियमचा चार सेलांचा डबा पुढे केला. निकेलवाला सेल १.२ व्होल्टचा, हा पूर्ण १.५ व्होल्टचा, आपका रेडियो बढ़िया चलेगा. ऐकायला पटण्यासारखं आहे, आणि तिथेच सगळी मेख आहे. लिथियमच्या सेलचं मूळ व्होल्टेज असतं ३.६-३.७. त्याचं १.५ करायला त्या बोटाएवढ्या नळकांड्यात एक इवलंसं सर्किट बसवलेलं असतं. ते पण स्विचिंगचंच. म्हणजे अॅडॅप्टरची जी पीडा टाळायला सेल घ्यायचे, तीच चार तुकडे करून रेडिओच्या पोटात बसवायची, अँटेनापासून वीतभर अंतरावर.

घरी सेल घातले. एफएम स्वच्छ. शॉर्टवेव्ह लावली तर ३१ मीटरवर भुर्रर्र असा आवाज, चकती फिरवली की थोडा कमी, पुढे पुन्हा जास्त. रिकाम्या जागीसुद्धा सिग्नलच्या पट्ट्या चढलेल्या. सासरे म्हणाले, 'आज खरखर फार आहे गं, बाहेर कोणाचं वेल्डिंग चाललंय का?' मी भिंतीवरच्या घड्याळातला आणि रिमोटमधले असे जमतील ते साधे सेल काढून रेडिओत घातले. आवाज गेला. लिथियमचे घातले, परत आला. मग तर घराचा मेन स्विच पाडून, अंधारात, टॉर्च लावून पाहिलं. तेच. इतकं सरळ होतं.

पण दुकानात ते सरळ राहिलं नाही. रेडिओ आणि सेल घेऊन गेले. मुलाने रेडिओ लावला तो एफएमवर, आणि गाणं मोठं करून माझ्याकडे बघत राहिला. 'सुनो, एकदम क्लियर.' एफएमवर ही खरखर येत नाही, कारण एफएमचा रेडिओ आवाजासाठी लहरीची उंची बघत नाही, शिवाय त्याची फ्रिक्वेन्सी फार वरची, हे मी सांगत होते आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला चार्जर दाखवत होता. मग मीडियमवेव्हवर आकाशवाणी इंदूर लावलं, ६४८ किलोहर्ट्झ. गावातलंच स्टेशन, दांडगा सिग्नल, त्याखाली सगळी खरखर दबून जाते. 'देखो, ये भी क्लियर.' शॉर्टवेव्ह लावायला गेले तर त्या दुकानात वर एलईडीच्या माळा, मागे चार्ज होत असलेले दहा मोबाइल, शेजारी सीसीटीव्हीचा डबा. तिथे कुठल्याही सेलवर खरखरच येणार. 'मॅडम, रेडियो में ही खराबी है.' हे वाक्य मी त्या दुकानात प्रत्येक खेपेला ऐकलं.

बदलून देतो म्हणाले, पण त्याच कंपनीचा दुसरा डबा. तो आणला, तोही तसाच. तो तसा असणारच, कारण सेल बिघडलेला नव्हता, त्याचा स्वभावच तो होता. पैसे परत हवेत तर कंपनीकडे तक्रार करा. कंपनीच्या अर्जात तक्रारीचे प्रकार दिलेले : चार्ज होत नाही, गरम होतो, फुगला, गळला. माझी तक्रार यातली एकही नाही. 'इतर' असा रकानाच नाही. फोनवर बाई फार नम्रपणे बोलत होत्या, पण त्यांच्यासमोरही तोच अर्ज असावा. 'सेल चालतोय ना मॅडम?' चालतोय. 'मग प्रॉब्लेम काय आहे?' मी फोन रेडिओजवळ धरून खरखर ऐकवली. त्या म्हणाल्या, व्हिडिओ पाठवा, ज्यात सेल चालत नाही असं दिसेल. सेल चालतोय हे मी आधीच सांगितलेलं होतं. व्हिडिओ पाठवला, त्यावर उत्तर आलं की उत्पादन ठरल्याप्रमाणे काम करत आहे. मला सगळ्यात जास्त चीड याची आली. माणूस खोटं बोलत नाही, वस्तू मोडकी नाही, तरी ती ज्या कामासाठी विकली त्या कामाला निरुपयोगी आहे, आणि हे लिहायला कागदावर जागाच नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर वाद घालू नका, प्रयोग दाखवा. मी दाखवला तो असा. जुनी, बल्बवाली दोन सेलांची टॉर्च घ्यायची, एलईडीची नको. खिशात मावणारा साधा रेडिओ, त्याच्या स्वतःच्या साध्या सेलांवर, मीडियमवेव्हच्या रिकाम्या जागी लावायचा, आवाज मोठा. दुकानाबाहेर पायऱ्यांवर उतरायचं, दिव्यांपासून लांब. टॉर्चमध्ये साधे सेल घालून पेटवायची आणि रेडिओच्या पाठीला टेकवायची. काही होत नाही. आता त्याच टॉर्चमध्ये लिथियमचे सेल, पेटवायची, टेकवायची. भुर्रर्र. टॉर्च विझवली की आवाज खाली. पेटवली की परत. यात माझ्या रेडिओचा काही संबंधच उरत नाही. त्या दिवशी दुकानात मुलाचे वडील बसले होते. ते बाहेर आले, टॉर्च स्वतःच्या हातात घेतली, कळ दाबून-सोडून बराच वेळ बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, 'अरे, ये तो आवाज कर रहा है.' डबा परत घेतला आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून निकेलवाले सेल काढून दिले. धूळ बसलेली होती डब्यावर. वरचे पैसे त्यांनी परत केले, मागावे लागले नाहीत. पायऱ्या उतरताना मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

निकेलच्या सेलांवर रेडिओ पहिल्या दिवसापासून शांत आहे. १.२ व्होल्टची भीती लोकांना उगीच घातली जाते. चार सेलांचे ४.८ व्होल्ट होतात, सहा नाहीत, हे खरं. पण साधा अल्कलाइन सेलही दीड व्होल्टवर थांबत नाही, पहिल्या तासापासून उतरत जातो आणि अर्ध्या आयुष्यानंतर सव्वा व्होल्टच्या आसपासच रेंगाळतो. निकेलवाला चार्जरमधून काढला की १.४ च्या घरात असतो, मग बराच काळ १.२ वर टिकून राहतो आणि शेवटी एकदम बसतो. म्हणून रेडिओवरचं सेलाचं चित्र दिशाभूल करतं : नुकते भरलेले सेलही पाऊण दिसतात. काही रेडिओंत सेलाचा प्रकार सांगायची सोय असते, ती माहितीपत्रकात शोधा.

मिलिअँपिअरचे आकडे, म्हणजे सेलात किती वीज मावते ते, बघताना सावध राहा. पेन्सिल सेलात निकेलवाला खरा माल साधारण २००० ते २५०० मिलिअँपिअर-तासांचा असतो, फार तर जरा वर. तीन हजारांच्या पलीकडचा आकडा छापलेला असेल तर ठेवून द्या. लिथियमवाले तर मिलिवॅट-तास छापतात, म्हणजे आकडा आपोआप मोठा दिसतो. ३००० मिलिवॅट-तासांना दीडने भागलं की २००० मिलिअँपिअर-तासच उरतात. सेल तोलून बघणं ही सोपी परीक्षा. चांगला निकेलवाला पेन्सिल सेल २६-२७ ग्रॅम किंवा त्याहून थोडा जास्त भरतो. हातातच हलका लागला तर आत भरलेलं कमी आहे.

सॅन्योने २००५ मध्ये एनेलूप काढले, आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात. त्यांचा गुण असा की चार्ज करून कपाटात ठेवले तर महिनोन्महिने चार्ज राहतो. जुन्या पद्धतीचे निकेलवाले महिन्याभरातच पंचवीसेक टक्के गमावून बसायचे. या जातीचे कोणत्याही कंपनीचे घ्या, कमी आकड्याचे घ्या, आणि निर्धास्त राहा. मध्यम आवाजात आमचा रेडिओ शंभर-सव्वाशे मिलिअँपिअर खात असेल, त्या हिशोबाने एका चार्जिंगवर पंधरा-वीस तास निघतात.

चार्जरचं राहिलंच. प्रत्येक सेलाला वेगळा दिवा असेल तो घ्या. जोडीने चार्ज करणाऱ्यात एक अर्धा भरलेला आणि एक रिकामा गेला की दोघांचंही नुकसान. सेलांवर मार्करने १, २, ३, ४ लिहा आणि चौघांना कायम एकत्रच वापरा. ओळीत एक अशक्त असला तर बाकीचे तीन त्याला उलट्या दिशेने ढकलतात आणि तो मरतो. आणि हो, चार्जर चालू असताना त्याच खोलीत शॉर्टवेव्ह लावू नका, मग सेलांना दोष द्याल.

एक धोक्याची गोष्ट आधीच लिहायला हवी होती. १४५०० नावाचे लिथियमचे सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलासारखे असतात, पण ते सरळ ३.७ व्होल्टचे. चार घातले की पंधराच्या जवळ. रेडिओ गेलाच. जेल रोडला मी ते साध्या सेलांच्या शेजारीच ठेवलेले पाहिले आहेत. अंगावरचं व्होल्टेज वाचल्याशिवाय काही घालू नका.

लिथियम म्हणून सरसकट वाईट, असंही नाही. टेकसनचा पीएल-३३० जुन्या नोकियावाल्या बीएल-५सी बॅटरीवर चालतो, त्या बॅटरीत मधे ते व्होल्ट बदलणारं सर्किट नसतं. अडचण त्या सर्किटाची आहे.

संपलेले सेल ओल्या-सुक्यात टाकू नका. आमच्या इंदूरच्या कचरा गाडीला त्याचा वेगळा कप्पा आहे, गाडीवाल्याला सांगितलं की तो दाखवतो. आणि तुमचा रेडिओ जुना, मोठ्या सेलांचा असेल तर चार्जिंगचे मोठे सेल घेताना वजन नक्की करा. बरेचदा मोठ्या डब्यात आत पेन्सिल सेलच बसवलेला असतो आणि अंगावर तो २५०० चा आकडा असतो. खरा भरीव मोठा सेल दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तसा मिळत नसेल तर प्लॅस्टिकची टोपणं मिळतात, त्यात आपला पेन्सिल सेल घाला, पैसे वाचतील आणि रेडिओ त्या पोकळ मोठ्या सेलाइतकाच वेळ चालेल.