सिडनीत मार्टिन शार्प शोधायचे तर

मार्टिन प्लेस स्टेशनातून बाहेर पडून हंटर स्ट्रीट गाठा. इथल्या ५५ नंबरच्या जुन्या इमारतीच्या भिंतीत शिल्पकार टॉम बास यांचं कारंजं होतं. १९६४च्या फेब्रुवारीत ‘ऑझ’ या व्यंग-मासिकाच्या मुखपृष्ठावर तिघेजण याच कारंज्याला मुतारी समजून उभे होते. अंकावर अश्लीलतेचा खटला झाला. संपादक नेव्हिल आणि वॉल्श यांना सहा-सहा महिने, चित्रकार मार्टिन शार्प यांना चार महिने सक्तमजुरी. अपिलात शिक्षा टळली. गाजलं ते मुखपृष्ठ, पण शार्प यांचं त्याच अंकातलं व्यंगलेखनही खटल्यात होतं. पार्ट्यांत आगंतुक घुसून फुशारक्या मारणाऱ्या पोरांची ती खिल्ली होती.

१९६६ला शार्प लंडनला गेले, आणि पुढच्या वर्षी तिथेही ‘ऑझ’ सुरू झालं. त्यांचा खरा हात इथे दिसतो. ऑफसेट छपाईत अक्षरांचे धातूचे खिळे जुळवावे लागत नाहीत. कापून चिकटवलेल्या पानाचा फोटो घेतला की प्लेट तयार. त्यामुळे चित्र आणि मजकूर एकमेकांवर बिनधास्त चढवता आले. त्याची किंमतही होती. दुसरा रंग छापताना कागद केसभर सरकला तरी बारीक अक्षरं दुहेरी उमटतात, आणि हिरव्यावर लाल मजकूर म्हणजे डोळ्यांना त्रासच. तरी ती पानं आधी बघायची, मग वाचायची. नोव्हेंबर १९६८चा १६वा अंक तर जवळजवळ सगळाच कोलाज आहे. वुलनगाँग विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात ‘ऑझ’चे अंक फुकट मिळतात, मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर उघडा. ७व्या अंकावरच्या गायक बॉब डिलनच्या चित्रापाशी थांबा. केस म्हणजे नुसती एकात एक वर्तुळं! फ्लुरोसंट रंगांची झळाळी मात्र स्क्रीनवर उतरत नाही, नेहमीच्या चार रंगांच्या छपाईतही नाही. संधी मिळेल तिथे मूळ प्रत बघा.

सिडनीला परतल्यावर त्यांनी १९७०मध्ये मॅक्ले स्ट्रीटवर ‘यलो हाऊस’ हे कलाकारांचं घर उभारलं. व्हॅन गॉगच्या आर्ल्समधल्या घरावरून हे नाव. किंग्ज क्रॉस स्टेशनवरून चालत जाता येतं, पण आत तेव्हाच्या रंगवलेल्या खोल्या मिळतील असं समजून जाऊ नका.

शेवटी मिल्सन्स पॉइंटला उतरून लूना पार्क हे जुनं मनोरंजन उद्यान. दारावरचा हसरा चेहरा १९९५चा आहे. शार्प यांनी पार्कचं काम हाती घेतलं ते १९७३मध्ये. १९७९ला तिथल्या घोस्ट ट्रेनला, म्हणजे भुताटकीच्या अंधाऱ्या खोल्यांतून फिरवणाऱ्या गाडीच्या खेळाला, आग लागून सात जण गेले, त्यांत सहा मुलं. २०१३मध्ये जाईपर्यंत शार्प यांनी त्या आगीचा विषय सोडला नाही.