मामाजींची नाडी

वेचणीच्या दिवसांत मामाजी धुऱ्यावर बसले ते बसलेच. "उन्हानं भोवळ आली, पोरी. मले काई नाई झालं." याआधीही दोनदा असंच झालं होतं, आणि एका दवाखान्यातून अशक्तपणा म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं होतं. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. मनगट धरलं, घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजलं. 33. परत मोजलं. 33च.

ईसीजीची ती पट्टी मी जपून ठेवली आहे. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे मोठा चौकोन 0.2 सेकंदाचा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे छोटे उंचवटे दर चार चौकोनांनी, नेमाने येत होते: मिनिटाला 75. खालच्या कप्प्यांची रुंद टोकं मात्र नऊ-नऊ चौकोनांनी. दोघांचा एकमेकांशी मेळच नव्हता.

हृदयाला ठोक्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड म्हणून पेशींचा पुंजका असतो. त्या पेशींत विद्युतभार आपोआप चढत जातो आणि एका मर्यादेला ठिणगी पडते. मज्जातंतू फक्त वेग कमीजास्त करतात. ही लहर वरच्या कप्प्यांतून पसरते आणि मधल्या एव्ही नोड या दुसऱ्या पुंजक्यापाशी सेकंदाचा जेमतेम दहावा भाग थबकते. हा नोड सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरांनी 1906 साली दाखवून दिला. मला हे थबकणं फार आवडतं. तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं, आणि मगच लहर खालच्या कप्प्यांत धावते.

मामाजींची वाट इथंच बंद पडली होती. पण खालच्या पेशींनी काम सोडलं नव्हतं. वरून निरोप आला नाही की त्या स्वतःच मिनिटाला 20 ते 40 ठोके देतात. त्यावरच मामाजी कापूस वेचत होते! मेंदूला रक्त कमी पडलं की भोवळ.

हे मी त्यांना पट्टीवर बोट ठेवून सांगितलं. क्षणभर बघून म्हणाले, "म्हंजे डीपीवर लाईन हाये, मोटरीले येऊन नाई रायली."

याहून नेमकं मला कधी सांगता आलं नसतं.

नागपूरला पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोक्याचा इशारा देणारं यंत्र, बसवला. डाव्या कॉलरबोनखाली कातडीत छोटी डबी, आणि शिरेतून हृदयात उतरलेल्या तारा. आता नाडी 70 लागते. मोबाईल तेवढा ते न विसरता डबीपासून लांब, उजव्या खिशात ठेवतात.