जन्मस्थळ मस्कत

2018 च्या मार्चमधली गोष्ट. न्यू जर्सीत एडिसनजवळ एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात मी पॅरालीगल होते. फॉर्म भरायचे, कागद तपासायचे आणि व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीनकार्डाच्या रांगेत कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला हे सांगणारं सरकारचं मासिक पत्रक, आलं की दिवसभर फोन घ्यायचे. विचारणा एकच: 'डेट हलली का?' ईबी-2 इंडियाची, म्हणजे नोकरीवरून ग्रीनकार्ड मागणाऱ्या उच्चशिक्षित भारतीयांच्या गटाची, डेट तेव्हा डिसेंबर 2008 मध्ये रुतली होती, महिन्याला जेमतेम आठवडाभर सरकायची. आमची स्वतःची डेट 2011 ची. मी नोकरी करत होते तीही नवऱ्याच्या त्याच रांगेच्या जोरावर मिळालेल्या एच-4 ईएडीवर. एच-1 हा नोकरीचा व्हिसा, एच-4 त्याच्या जोडीदाराचा आणि ईएडी म्हणजे कामाचा परवाना. त्यामुळे फोनवरचा माणूस वैतागला तरी मला राग यायचा नाही.

त्या दिवशी आलेला मुलगा नाशिकचा. कंपनी बदलत होता, त्यासाठी एच-1 ची कागदपत्रं करायची होती. बायकोचं एच-4 ही वाढवायचं होतं म्हणून तीही आली होती, बाबागाडीत पाच महिन्यांचं बाळ. त्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, सप्टेंबर 2013. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने मला हिशेब ऐकवला. "मधे पावणेपाच वर्षं आहेत. महिन्याला एक आठवडा. म्हणजे वीस वर्षं झाली ना? हा कॉलेजला जाईल तोवर." बाळाकडे बोट दाखवून तो हसला. असे हिशेब आमच्याकडे येणारा प्रत्येक जण करून यायचा, आणि दुर्दैवाने ते फारसे चुकलेले नसायचे.

रांग एवढी का, तर 1990 च्या कायद्याने ग्रीनकार्डाच्या व्हिसांची वर्षाची वाटणी ठरवून दिली आहे. कौटुंबिक गटांना किमान 2,26,000 व्हिसा, नोकरीवाल्यांना 1,40,000. कुटुंबाकडचे उरले तर ते पुढच्या वर्षी नोकरीच्या खात्यात जमा होतात. नोकरीचे पाच गट, पहिल्या तिघांना प्रत्येकी 28.6 टक्के. या 1,40,000 मध्ये बायका-मुलंही मोजली जातात, हे ऐकून लोक हमखास चमकतात. वर कोणत्याही एका देशाला एकूण व्हिसांच्या 7 टक्क्यांहून जास्त नाहीत. तसा हिशेब मांडला तर ईबी-2 मध्ये भारताच्या वाट्याला वर्षाला 2,800 च्या आसपास येतात. इतर देशांकडून न वापरलेले मिळाले तर मिळाले. आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला. आणि देश ठरतो तो जन्मस्थळावरून. नागरिकत्व कुठलं, पासपोर्ट कुठला, याला इथे किंमत नाही.

मी पासपोर्टांच्या झेरॉक्स काढत होते. त्याचा झाला, तिचा काचेवर ठेवताना नजर गेली. जन्मस्थळ: मस्कत, ओमान.

"तुमचा जन्म मस्कतचा?"

"हो, पण मी वर्षाची व्हायच्या आत आम्ही चिपळूणला परत आलो," ती घाईघाईने म्हणाली. "पासपोर्ट पहिल्यापासून भारताचाच आहे. काही प्रॉब्लेम होतो का त्याने?"

प्रॉब्लेम कसला! नवरा-बायकोची ताटातूट होऊ नये म्हणून कायद्यात सोय आहे: दोघं बरोबर अर्ज करत असतील तर एकाची मोजणी दुसऱ्याच्या जन्मदेशात करता येते. ओमान येतो 'इतर सर्व देश' या रकान्यात, आणि त्या रकान्यात ईबी-2 समोर त्या महिन्यात नुसता 'सी' होता. करंट. रांगच नाही. मी पासपोर्ट घेऊन सरळ वकीलसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी तो पाहिला, लग्नाची तारीख विचारली आणि स्वतः उठून बाहेर आले. ते सहसा उठत नाहीत.

लग्न 2016 चं. ग्रीनकार्डासाठी कंपनी करते तो अर्ज, आय-140, मंजूर झाला तेव्हा हा एकटा होता, त्यामुळे फाइलमध्ये बायको नव्हतीच. नंतर तिचं एच-4 झालं ते भारतातून, शिक्का बसला आणि विषय संपला.

तिचा मूळ जन्मदाखला हवा होता. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते, तरी तिने तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. आई आधी घाबरल्या, मग सगळी कहाणी सांगायला लागल्या. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. विमानाचं तिकीटसुद्धा काढलेलं होतं. सातव्या महिन्यात बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला. मग खौला हॉस्पिटलमध्ये बाळंतपण. "ना शेक ना शेगडी, डिंकाचे लाडू आले ते कुणाच्या तरी बॅगेतून, तेही ही दीड महिन्याची झाल्यावर. आमच्या आईला शेवटपर्यंत त्याचं वाईट वाटत होतं." मग थोडं थांबून, "म्हणजे बरंच झालं म्हणायचं का गं माझं बीपी वाढलं ते?"

आखातातल्या बऱ्याच बायका तेव्हा बाळंतपणाला गावी यायच्या. त्यांच्या मुलांचे जन्म रत्नागिरीचे, मालवणचे. बालपण सगळं मस्कत-दुबईत गेलं तरी अमेरिकेच्या लेखी रांग भारताचीच. इथे उलटं झालं होतं.

दाखला व्हॉट्सॲपवर आला. अरबी, आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. बारसं व्हायच्या आधीच नोंद केलेली असली की असं होतं. मग प्रमाणित इंग्रजी भाषांतर, आई-वडिलांची प्रतिज्ञापत्रं, भारतीय दूतावासातली जन्मनोंद असं एकेक जमवलं. मेडिकल झालं. एप्रिलमध्ये दोघांचे आय-485, म्हणजे ग्रीनकार्डाचे शेवटचे अर्ज, एकाच पाकिटात गेले, वर वकीलसाहेबांचं पत्र: अर्जदाराची मोजणी ओमानमध्ये करावी.

पुढच्या वर्षी नेवार्कला मुलाखत झाली. अधिकाऱ्याने आधी इंडियाचाच रकाना पाहिला आणि भुवया उंचावल्या. मग पत्र वाचलं, दाखला हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ग्रीनकार्डं तीन आठवड्यांत आली.

देशाची मर्यादा ठेवण्यामागचा विचार मला समजतो, एकाच देशाने सगळं खाऊ नये. पण माणूस काय शिकला, काय काम करतो याची छाननी करून त्याला ईबी-2 मध्ये बसवायचं आणि मग त्याची आई कुठे बाळंत झाली यावर वीस वर्षं ठरवायची, हे मला पटलेलं नाही. या मुलाच्याच टीममध्ये कोल्हापूरचा एक जण होता, डेट याच्याहून दोन महिने आधीची. तो होता तिथेच राहिला. आमचं तर विचारूच नका. मी आणि नवरा दोघंही मिरजेचे, जन्मही एकाच मिशन हॉस्पिटलातले.

ही बातमी मराठी मंडळात पसरायला वेळ लागला नाही. महिनाभर मला जन्मस्थळांचेच फोन. एकाचे आजोबा कराचीत जन्मलेले. त्याला सांगितलं, आजोबा चालत नाहीत, बायको लागते. दुसऱ्याने बराच वेळ आढेवेढे घेऊन विचारलं, "बायकोचा जन्म बेळगावचा आहे. तो भाग वादग्रस्त आहे ना, त्याचं काही करता येईल?"